मटण कमी केल्यानं पर्यावरणाला खरंच काय फरक पडतो का? (आखाडाच्या तोंडावर विचारतोय, शिव्या घालू नका)

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी स्वतः पक्का वशाट खाणारा, त्यामुळं "आम्हाला शिकवू नका" हा डोस मला देऊ नका. झालंय असं की आमच्या भिशीतल्या एका पोरानं विषय काढला, की मांसाहार हे हवामान बदलाचं मोठं कारण आहे आणि आपण कोल्हापूरकर तर बुधवार, शुक्रवार, पाहुणा आला, मॅच जिंकली, मॅच हरली, काहीही झालं की मटण. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मी पण हसलो, पण नंतर वाचत बसलो आणि आता ते डोक्यातनं जाईना.

वाचलं ते असं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ साली काढलेल्या अहवालात माणसामुळं हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातनं जातात असं आहे. मग २०१८ ला 'सायन्स' मासिकात एक मोठा अभ्यास आला, ११९ देशांतल्या ३८ हजारांवर शेतांची माहिती गोळा करून केलेला. त्यात एक किलो मालामागं किती वायू पडतो याची जागतिक सरासरी आहे, बीफ ६० किलो, मटण २४, चीज २१, चिकन ६, अंडी साडेचार, भात ४, दूध ३ आणि वाटाण्यासारखं कडधान्य जेमतेम १. एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हंजे किलोभर मटण झालं दहा लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. हे बघून जरा गार झालो.

तर प्रश्न असा की हे आकडे आपल्या बकऱ्याला लागू होतात का, आणि होत असतील तर कमी म्हंजे नेमकं किती करायचं. घरात हे सांगायचं कसं तो पुढचा प्रश्न.

नाद_एकच_वाटी
ॲडमिन, आखाड संपेपर्यंत असले धागे कुलूप लावून ठेवा. पुढं श्रावण आहेच की, महिनाभर पर्यावरण वाचवूया सगळे मिळून, गणपती होईपर्यंत वाचवूया पाहिजे तर.

पूरपट्टा_शिरोळ
२०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४३. आमच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी. २०२१ ला परत. तेव्हा एसीत बसून उपदेश करणारे कुणी दिसले नाहीत, आणि आता आमच्या ताटातलं मटण मोजायला आलेत. देशाच्या एकूण वायूंपैकी ७५ टक्के ऊर्जेतनं जातात, कोळसा, डिझेल, कारखाने. शेती आणि जनावरं सगळं मिळून १४ टक्क्यांच्या आसपास. आधी त्या ७५ चं बोला. आणि पूररेषेत भर टाकून बांधकामं कुणी केली त्याचं पण बोला.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
दादा, तुमचा राग समजतोय आणि पूररेषेचं शंभर टक्के बरोबर. पण कोळशाचा प्लांट बंद करणं माझ्या हातात नाही, ताट आहे. एवढ्याचसाठी विचारलं.

पशुवैद्य_करवीर
आकड्यांवर थोडं लिहितो, रोजचं काम हेच आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात, म्हणून तर आपल्याला न पचणारं गवत त्यांना पचतं. त्या आंबवण्यात मिथेन तयार होतो आणि तो बहुतेक ढेकरेतनं बाहेर पडतो (लोक समजतात तसा मागच्या बाजूनं नाही, तो भाग फार थोडा). मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. पण हवेत टिकतो बारा-एक वर्षंच, त्यामुळं तो कमी केला तर परिणाम लवकर दिसतो, म्हणून जगाचं लक्ष त्याच्यावर आहे.

आता आपली जनावरं. हिशेबासाठी जे सर्वमान्य ढोबळ आकडे वापरतात त्यात शेळी-मेंढी वर्षाला ५ किलो मिथेन धरतात आणि म्हैस ५५ किलो. म्हंजे एक म्हैस बरोबर अकरा शेळ्या. वर्षभराचं बकरं कापलं आणि दहा-बारा किलो मटण पडलं असं धरा, ५ गुणिले २८ म्हंजे १४० किलो, किलोमागं बारा-चौदा आले, त्यात त्याच्या आईचा वाटा आणि लेंडीखताचा थोडा मिळवा. म्हंजे सरासरीतल्या २४ च्या आसपासच कुठंतरी जातंय, अगदी हवेतली गोष्ट नाही. मात्र बीफचा जो ६० चा आकडा आहे तो खास मांसासाठी पाळलेल्या कळपांचा, त्यात जंगल तोडून कुरणं करणं वगैरे सगळं येतं. तो आपल्याकडं जसाच्या तसा चिकटवू नये.

माणदेशी_मेंढका
मी मूळचा तिकडचा, आता इचलकरंजीत. आमच्यातली बरीच घरं अजून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली उतरतात, तुमच्या ऊसपट्ट्यात. शेतकरी शेतात बकरी बसवून घेतो, रात्रभर तळ पडला की रानात लेंडी-मूत पडतं, त्याचे पैसे नायतर धान्य देतो, कारण त्याला म्हायती हाय की युरियाच्या पोत्यापेक्षा हे रानाला मानवतं. मेंढरू काय खातं? बांधावरचं, पडीक रानातलं, कापणीनंतरचं धसकट. माळावर जिथं काय पिकतच न्हाई तिथं बोकड बाभळीच्या शेंगा खाऊन मटण तयार करतंय, तुमची डाळ तिथं उगवून दाखवा की. शेंग खाऊन वाढलेलं बकरं आणि सोयापेंड-मका घालून गोठ्यात बांधलेलं बकरं ह्याचा हिशेब एकच कसा काय?

पशुवैद्य_करवीर
मेंढका, तुमचं म्हणणं जमिनीच्या बाबतीत बरोबर आहे, मिथेनच्या बाबतीत उलट आहे. चारा जेवढा रुक्ष आणि तंतुमय तेवढा मिथेन जास्त, आणि जनावर वजनाला यायला जास्त दिवस लागतात, तेवढे दिवस ते ढेकर देत राहतं. पण माळावरच्या बकऱ्यानं कुणाचं पीक खाल्लं नाही, खताचं पोतं लागलं नाही, पाणी उपसलं नाही. दोन्ही खरं आहे, एकाच आकड्यात ते बसत नाही. फक्त माळावर बकरी वाहून नेण्यापेक्षा जास्त झाली तर माळ पण जातो, हे तुम्हीच बघितलेलं असणार.

माणदेशी_मेंढका
बघितलंय. नाकारत न्हाई.

गंगावेश_कट्टा
एक सरळ विचारतो. घरटी हिशेब कुणी केला का? मी केला.

आमचं पाच माणसांचं घर. आठवड्याला एक किलो मटण, वर्षाला ५२ किलो, गुणिले २४, साडेबाराशे किलोच्या आत. आणि दूध रोज दोन लिटर. वर्षाला ७३० लिटर, गुणिले ३, जवळपास बावीसशे किलो! म्हंजे ज्या मटणावरनं भिशीत भांडणं लागली त्याच्या पावणेदोन पट तर आम्ही चहात, दह्यात आणि पोरांच्या ग्लासात ओततोय. वर तूप वेगळं.

आता हे कोल्हापुरात कोण बोलणार? इथं संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस आणून समोर धार काढून देतात, फेस आलेला ग्लास पोरं उभ्या उभ्या पितात, तालमीतल्या पैलवानाचं तर विचारूच नका. जिल्ह्याचं अर्थकारण निम्मं ऊस आणि निम्मं दूध, गोकुळ १९६३ पासनं आहे, गावागावात संस्था, दर दहा दिवसाला बिल. मटण खाणाऱ्याला बोलणं सोपं आहे. दुधाला कोण हात लावणार, दूध म्हंजे सात्त्विक!

सात्त्विक_आहार_कोल्हापूर
दूध आणि मांस यांची तुलनाच चुकीची आहे. गोवंश आपली संस्कृती आहे. पूर्वजांनी शाकाहार सांगितला तो याचसाठी, आता पाश्चात्त्य शास्त्रज्ञसुद्धा तेच सांगायला लागलेत.

गंगावेश_कट्टा
कुणाच्या पूर्वजांनी ते पण सांगा. माझ्या पणजोबांनी रक्ती-मुंडीशिवाय दुसरं काही सांगितलेलं नाही. आणि शास्त्रज्ञ चीज २१ सांगतायत, चिकन ६. संस्कृती ढेकर देत नसेल, म्हैस देते.

ॲडमिन_करवीर
संस्कृती, जात, धर्म, कुणाचं सोवळं कुणाचं ओवळं हे इथं नको. पर्यावरणावर बोला. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

पशुवैद्य_करवीर
ॲडमिनचा मान राखून, फक्त व्यवहाराचं एवढंच. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे नाहीत, साखळी एकच आहे. म्हैस दूध देणार तर तिला रेडकू होणार, त्यातलं अर्धं नर, आणि नर रेड्याला गोठ्यात जागा नसते हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, नावाला असते तेवढीच. भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगात पुढं आहे ते याचमुळं. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल-वळूची कत्तल पण बंद झाली, त्यामुळं भाकड जनावराचा खर्च मालकावर पडतो आणि ते जगतं तोवर चारा आणि मिथेन दोन्ही चालू. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींच्या वर गाय-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्यात. शेळ्या १४ कोटी ८८ लाख. पण अकरा शेळ्यांबरोबर एक म्हैस हे वर सांगितलंच आहे, तेव्हा वजन कुठल्या पारड्यात आहे बघा.

तोडगा दूध बंद करणं नाही. कमी दुधाची चार जनावरं ठेवण्यापेक्षा नीट खाऊ-पिऊ घातलेलं एक चांगलं जनावर ठेवलं की लिटरमागचा मिथेन झपकन खाली येतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, टॅनिन असलेल्या वनस्पतींपासनं, त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं ते सांगतात. आणि शेण उकिरड्यावर कुजवत ठेवण्यापेक्षा गोबरगॅसला घाला, गॅस चुलीला आणि स्लरी उसाला.

लक्ष्मीपुरीची_आक्का
मी सगळं वाचलं. किलोला किती आणि म्हशीला किती, हुशार आहात सगळे. आता स्वयंपाकघरातनं बोलते.

"घरात मटण कमी करू" म्हणताय, तर कुणाच्या ताटातलं कमी होणार ते सांगा आधी. किलोभर मटण येतं. कर्त्या माणसाला नळी, कलेजी. पाहुण्याला चाप. पोरांना मऊ तुकडे. बायका बसतात शेवटी, त्यांच्या वाटीत रस्सा, एखादं हाड, आणि तळाचा खरपूस मसाला. आता पर्यावरणासाठी किलोचं अर्धा किलो केलं की माझ्या वाटणीचं ते हाड पण गेलं, तुमची नळी जागेवर. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी, सरकारचाच सर्व्हे आहे २०१९-२१ चा. आठवड्यातनं एकदा पोटात लोह जातंय ते पण काढणार? कमी करा, जरूर करा, पण आधी वाढायची पद्धत बदला, मग वजन.

दुसरं. कोल्हापूरची चव तुकड्यात नाही, रश्शात आहे. पांढऱ्याला काय लागतं? अळणी. मटण शिजताना हळद-मीठ-आलं-लसणावर जे पाणी सुटतं ते. त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ-खसखशीचं वाटण, वरनं तुपात मिरे-लवंग-दालचिनीची फोडणी आणि एकदोन सुक्या मिरच्या. उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर दूध फाटतं, गॅसजवळनं हलायचं नाही. ही अळणी दोनशे ग्रॅम हाडाळ मटणाची पण होते, किलोच लागतंय असं कुणी सांगितलं? तांबड्याला पण तेच, कट कांदा-लसूण चटणीनं येतो, मटणाच्या वजनानं नाही. मी पाव किलो मटणात सहा माणसांना रस्सा-भाकरी जेवू घालते, वाटीला वाटी. आणि सुक्क्याच्या ठिकाणी कधी फणस, कधी सुरण, कधी अख्खा मसूर. फणसाला तो मसाला असा काय धरतो की पोरं विचारत बसत नाहीत.

नाद_एकच_वाटी
आक्का तुम्ही सांगितल्यावर पटलं. फणसाचं सोडून.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
आक्का, हे डोक्यातच आलं नव्हतं राव. परवाच्या जेवणात वाढायला मी बसतो आणि बायको-आई पहिल्या पंगतीला.

लक्ष्मीपुरीची_आक्का
फोटो टाका. त्याशिवाय विश्वास नाही.

उचगाव_पोल्ट्री
माझा स्वतःचा शेड आहे, त्यामुळं माझं म्हणणं धंद्याचं समजा. मटणाचं २४ आणि चिकनचं ६. सरळ चौथाई. कोंबडी रवंथ करत नाही, मिथेनचा प्रश्न नाही, दीड-पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वजन धरते, सहा आठवड्यात तयार. एवढं असून कोल्हापुरात चिकन म्हणजे आजारी माणसाचं जेवण. पाहुण्याला चिकन घातलं तर सोयरीक मोडायची वेळ येते.

माणदेशी_मेंढका
आणि ते खाद्य कुठनं येतंय? मका आणि सोयापेंड. माणसाच्या रानात पिकलेलं. जगातली सोयाबीन बहुतेक जनावरांनाच जाते, त्याच्यापायी ब्राझीलमध्ये जंगलं गेली. आणि औषधं किती टोचताय त्याचं पण सांगा.

उचगाव_पोल्ट्री
आपल्याकडची सोयाबीन लातूर, मध्य प्रदेश, इकडची. ॲमेझॉनचं पाप माझ्या शेडवर नको. औषधांचं मान्य, सगळेच शेड नियम पाळतात असं मी म्हणणार नाही. पण आकडा ६ चा आहे त्यात खाद्य धरलेलंच आहे भावा.

पूरपट्टा_शिरोळ
सगळं ऐकलं. माझा प्रश्न तसाच आहे. अमेरिकेत माणूस वर्षाला शंभर किलोच्या वर मांस खातो, भारतात सरासरी दहाच्या आत. आणि कमी आम्ही करायचं? डेन्मार्कनं २०२४ ला ठरवलं की २०३० पासनं जनावरांच्या वायूवर कर लावणार, तिथं ठीक आहे, शेतकरी तेवढा सधन आहे. इथं मटणाचे भाव वाढले तेव्हा आपण २०१९ ला कसबा बावड्यातनं आंदोलन काढलं, पार जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत बैठका गेल्या, शेवटी भावावर तडजोड झाली. आता भाव बघा कुठं आहे. गरीब माणसानं कधीच कमी केलंय, त्याला अहवाल वाचायची गरज पडली नाही.

गंगावेश_कट्टा
हे खरं आहे, आणि म्हणूनच "कोल्हापूरकर खूप मटण खातो" हे सरसकट बोलू नये. खाणारा खूप खातो. हॉटेलात थाळी मागवतात, सुक्कं, खिमा, फ्राय, दोन्ही रस्से अनलिमिटेड, आणि निम्मं ताटात टाकून उठतात, फोटो काढून झाला ना. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या, वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या जेवणावळी तर विचारू नका. आमच्याकडं एका नेत्याच्या जेवणानंतर पातेली गटारीत ओतलेली बघितलीत. कचऱ्याच्या ढिगात कुजलं की परत मिथेनच, कसबा बावड्याच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागते ती कशानं. बकरं जगलं, ढेकर दिली, मेलं, आणि खाल्लं पण नाही कुणी. कमी करायचंच तर इथनं सुरू करा, यात ना गरिबाचं काय जातंय, ना मेंढक्याचं.

पशुवैद्य_करवीर
याला माझं अनुमोदन. २०१९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं जो जागतिक आहार सुचवला त्यात लाल मांस आठवड्याला माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास आहे. पाच माणसांच्या घराला आठवड्याला अर्धा किलो. आक्कांच्या हिशेबात ते आरामात बसतंय. थाळीवाल्याचा एका बैठकीत महिना संपतो.

ऊसवाला_कागल
उशिरा आलो. सगळं मटणावर चाललंय, उसाचं पाचट (वाळली पानं) जाळता ते कुणी बोलंना. तोडणी झाली की काडी लावायची, दहा किलोमीटरवरनं धूर दिसतो. पाचट कुजवलं तर पुढच्या खोडव्याला खत. आणि वाढं म्हशीला. तेवढं थांबवलं तरी खूप आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
पाचटाचा वेगळा धागा काढा की दादा, मी येतो भांडायला.

बरं, आता कामाचं. आखाडातल्या त्र्यंबोलीच्या पाण्याला आमच्या गल्लीची वर्गणी सुरू झालीय. पी-ढबाक वाजंत्री लावून पंचगंगेचं नवं पाणी न्यायचं, देवीला वाहायचं आणि नंतर घरटी मटणाचा वाटा. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर मला गल्लीत ठेवायचे नाहीत. पण दरवर्षी वाटा मोठा मोठा होत चाललाय, ह्या मंडळापेक्षा त्या मंडळाचा जास्त, ही चढाओढ. मी मिटिंगमध्ये एवढंच मांडणार आहे की घरटी वाटा अर्धा किलो, त्याच्या वर नाही, आणि बकरी माळावरच्या मेंढक्याकडनं थेट घ्यायची. @माणदेशी_मेंढका, तुमच्या ओळखीत कोण असेल तर नंबर मला निरोपात पाठवा, इथं टाकू नका.

माणदेशी_मेंढका
पाठवतो. भाव पाडून मागू नका मात्र. शेंगा खाऊन वाढलेलं हाय.

नाद_एकच_वाटी
अर्धा किलोचा ठराव मंजूर झाला तर कळवा. मी तोपर्यंत शेजारच्या गल्लीत राहायला जातोय.

लक्ष्मीपुरीची_आक्का
जा. तिथं पण वाढायला आमच्याच मैत्रिणी आहेत. @राजारामपुरी_सातवी_गल्ली, वाट्यात हाडाळ मटण जास्त घालायला सांगा खाटकाला, बायका रस्सा पुरवतील.